गंगावन

सायलीच्या न्हाणीघरात साबण ठेवायला जागा उरली नव्हती. फळीवर, खिडकीत, नळाच्या मागं, जिथं बघावं तिथं शाम्पूच्या बाटल्या. कांद्याचा, भृंगराजाचा, कॉफीचा, तांदळाच्या पाण्याचा, आणि एक तर असा की त्यात काय आहे हे वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागावी. बहुतेक बाटल्यांवर एक बाई मान उडवून हसत होती आणि तिचे केस वाऱ्यावर पसरले होते. सायली सकाळी या बायांसमोर उभी राहून डोकं धुवायची आणि मग मोरीच्या जाळीवर अडकलेला आपल्याच केसांचा गोळा काढायची. बाया हसतच असायच्या. कधी कधी तिला त्या सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं करावंसं वाटायचं.

गळती सुरू झाली दिवाळीत. भाद्रपदात तिला डेंग्यू झाला होता. आठवडाभर सलाईन, मग कितीतरी दिवस नुसतं पडून राहणं. देवगाव रंगारीला आईला मात्र तिनं यातलं काही कळू दिलं नाही. आवाज का गं असा खोल जातोय, असं आईनं फोनवर विचारलं तेव्हा घसा बसलाय म्हणून वेळ मारून नेली. कळलं असतं तर आई, म्हणजे सारजाबाई, दिसत नसलेल्या डोळ्यांनी एसटी गाठून आल्या असत्या. मग दिवाळी आली आणि चिवड्यात केस निघाला. प्रणयनं, म्हणजे सायलीच्या नवऱ्यानं, तो गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला. पुढच्या घासाला आणखी एक. शेवटी त्याच्या तोंडून निघून गेलं, "सायली, तू चिवडा केलास की वेणी घातलीस?" सायली ताटावरून उठली ती रडतच. तेव्हापासून प्रायश्चित्त म्हणून प्रणय शाम्पू आणत होता.

माणूस भोळा. जाहिराती खोट्या असतात हे त्याला मान्य होतं, पण ही खोटी नसावी असं त्याला दर वेळी नव्यानं वाटायचं. "यात लाल कांदा आहे," तो गंभीरपणे सांगायचा, "मागच्यात पांढरा होता." सायली हसायची, वैतागायची आणि तरी दुसऱ्या दिवशी लाल कांदा डोक्याला लावायची. आशा मोठी चिवट असते.

आणि अशात गोकुळचा, धाकट्या भावाचा, फोन आला. आईचा मोतीबिंदू पिकला होता. महाशिवरात्र झाली की शहरात ऑपरेशन करायचं आणि पंधराएक दिवस आईनं सायलीकडंच राहायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. "ताई, तिला आता माणूस वळखू येत नाय. आवाजावर चाललंय समदं." मागून आईनं फोन ओढून घेतल्याचा आवाज आला.

"सायले, ऐक. डोळा उघडला की पयल्यांदा तुहे केस बघणार हाय मी. नीट तेल लावून ठेव."

सायलीनं "हो" म्हटलं आणि फोन ठेवून आरशासमोर जाऊन उभी राहिली. भांग एवढा रुंद झाला होता की त्यातून बैलगाडी गेली असती. मागं बांधायला उरली होती ती करंगळीएवढी शेपटी.

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. केसच ते, त्याचं काय एवढं. पण सारजाबाईंना ओळखणारं कुणीही हसलं नसतं. शेत दादांच्या, म्हणजे सायलीच्या वडलांच्या नावावर. घर सासऱ्यानं बांधलेलं. गळ्यातलं होतं तेही सासूनं घातलेलं. "हितलं माह्यं काय, तर पोरीचे केस," असं त्या बायकांत छाती काढून सांगायच्या. "ही माह्या हातची कमाई हाय." लग्नात पाठवणीच्या वेळी सगळ्या आया रडतात तशा त्याही रडल्या, पण रडता रडता प्रणयला बाजूला घेऊन काय सांगितलं, तर तिच्या डोक्याला साबण लावू देऊ नका. ती कमाई आता मोरीच्या जाळीवाटे चालली होती, आणि आईचा डोळा उघडायला फारसे दिवस उरले नव्हते.

त्या दिवसांत सायलीला देवगावचा रविवार फार आठवायचा. शनिवारी संध्याकाळी झाकड पडली की आई शिकेकाई, रिठे आणि आवळकाठी लोखंडी कढईत भिजत घालायची. सकाळी चुलीवर त्याला उकळी फुटली की साऱ्या आळीला कळायचं, सारजाबाईची पोरगी आज डोक्यावरून न्हाणार. तो वास सायलीच्या नाकात अजून होता. थोडा आंबट, थोडा धुराचा, थोडा आईच्या हातांचा. पाटावर डोळे गच्च मिटून बसायचं आणि तरी पाणी डोळ्यांत जायचंच.

"आई, झोंबतंय!"

"झोंबू दे. झोंबलं म्हंजी काम करतंय."

आईची जाहिरात एवढीच होती. मग उन्हात ओट्यावर केस वाळवत बसायचं. वाळले की आई मागं बसायची, दोन्ही गुडघ्यांत तिला धरायची, कोमट तेल टाळूवर थापायची आणि फणी घ्यायची. सायली हलली की डोक्यात टिचकी बसायची. त्या गुडघ्यांच्या कैदेत तिला जेवढं सुरक्षित वाटलं तेवढं पुढं कधीच कुठं वाटलं नाही, स्वतःच्या घरातसुद्धा नाही, हे तिला या गळतीच्या दिवसांत लख्ख कळलं.

विंचरून झालं की फणीत अडकलेले केस आई बोटाभोवती गुंडाळायची, दृष्ट लागू नये म्हणून त्यांवर हलकं थू करायची आणि कोनाड्यातल्या पिशवीत कोंबायची. त्याला गुंतवळ म्हणतात. आईचं स्वतःचं गुंतवळही त्याच पिशवीत जायचं. ती पहाटे अंधारातच आपली फणी करून डोक्यावर पदर घ्यायची, तो पदर मग झोपेपर्यंत हलायचा नाही. शहरात गुंतवळ हा शब्दच कुणी काढत नाही. शहरात तो कचरा असतो आणि तो बघून माणसं डॉक्टरकडं जातात.

गुंतवळ साठवायचं ते केसरबाईसाठी. ही केसरबाई बाजाराच्या दिवशी यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत सुया-बिब्यांची झोळी. "गुंतवळ द्या, भांडं घ्या" अशी तिची हाळी पडली की बाया कोनाडे रिकामे करायच्या. कुणी वाटी घ्यायचं, कुणी गाळणी. आईचा मात्र एका मोठ्या, झाकणाच्या स्टीलच्या डब्यावर जीव होता. केसरबाई दर खेपेला तो डबा पाटीतून काढून दाखवायची, पिशवी हातात तोलून "आजून थोडं साठू दे, माय" म्हणायची आणि डबा परत ठेवायची. असं कितीतरी दिवस चाललं. मग एक दिवस कोनाड्यातली पिशवी रिकामी दिसली आणि डबा काही घरात आला नाही. केसरबाईनं आपल्या भोळ्या आईला फसवलं, असं सायलीनं तेव्हाच ठरवून टाकलं. इतक्या वर्षांत त्या मतात काही फरक पडला नव्हता.

आणि एक फोटो होता. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, तिसरीतला. मधली कितीतरी वर्षं तो कुणाकडं तरी पडून होता. अलीकडं वर्गातल्या मुलींनी मोबाइलवर ग्रुप काढला तेव्हा त्यावर आला. सायलीनं मोठा करून, चौकट घालून तो ड्रेसिंग टेबलावर ठेवला होता. शेतकरी नाचात गिरकी घेताना टिपलेली छोटी सायली, चेहरा अर्धवट वळलेला आणि पाठीवर कमरेच्याही खाली गेलेली काळीभोर जाड वेणी. "असे होते माझे केस," ती ज्याला त्याला दाखवायची. आईलाही तिनं फोनवर फोटोचं वर्णन करून सांगितलं होतं. आई तेव्हा गप्प राहिली. डोळ्यांनी बघता येत नाही याचं तिला वाईट वाटलं असेल, असं सायली समजली.

हा फोटो घेऊनच ती समर्थनगरातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाई समजूतदार होत्या. त्यांनी भांग तपासला, दोन-चार केस हलकेच ओढून बघितले, रक्त तपासायला लिहून दिलं.

"कुठला शाम्पू वापरू?" सायलीनं विचारलं.

"जो आवडेल तो."

"गळती थांबवणारा कुठला?"

"शाम्पू डोकं धुतो हो," बाई म्हणाल्या. "तेल, घाम, मळ काढतो. कोंडा असला तर औषधी शाम्पूचा कोंड्याला उपयोग होतो. पण दोन मिनिटं डोक्यावर राहून मोरीत जाणारी गोष्ट मुळाला काय करणार? तुम्हाला मोठा ताप येऊन गेलाय. अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकदा आपले आपण परत येतात. नीट जेवा आणि धीर धरा."

"किती धीर?"

"सहा महिने, थोडे जास्तही. केसांना आपली घाई कळत नाही."

सायलीनं पर्समधून फोटो काढला. "असे होते."

बाईंनी चष्मा वर करून बघितलं. "केव्हाचा?"

"तिसरीतला."

डॉक्टरीणबाई नुसत्या हसल्या. त्या हसण्याचा सायलीला राग आला. धीर धरा म्हणे. धीर बाटलीत मिळत असता तर प्रणयनं दोन आणल्या असत्या, एकावर एक फुकट. आईचा डोळा काही सहा महिने थांबणार नव्हता.

मग तिनं जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये असं होतं, पण तिच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं. शनिवारी दुपारी ती स्कूटी घेऊन शहागंजला गेली. बांगड्या, रिबिनी, टिकल्यांच्या दुकानांच्या गर्दीत एका दुकानात दाराशीच काळ्या वेण्या टांगलेल्या होत्या. आपल्या वेणीत गुंफायच्या या खोट्या वेणीला आपल्याकडं गंगावन म्हणतात. दुकानदारानं एक लांब वेणी काढून तिच्या हातावर ठेवली.

"लगा को देखो, बाजी. एकदम असली माल. तुमारी अम्मी बी नै पयचानेगी."

सायली दचकली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. तिनं किमतीची घासाघीस न करता गंगावन घेतलं, कागदात गुंडाळून पर्सच्या तळाशी घातलं आणि चोरी केल्यासारखी घरी आली.

आई आली ती गोकुळच्या हाताला धरून, नवं लुगडं नेसून, एका हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. एसटीच्या पाटीवर संभाजीनगर लिहिलेलं, आईच्या तोंडात अजून औरंगाबादच. दारातच तिनं सायलीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. "वाळलीस गं." हात गालावरून वर निघाले तशी सायली पटकन वाकून पाया पडली. मग उठून स्वयंपाकघरात पळाली.

त्या दोन-तीन दिवसांत तिनं जेवढ्या थापा मारल्या तेवढ्या आख्ख्या आयुष्यात मारल्या नसतील. "आण फणी, इंचरते," आई म्हणायची. तर कधी केस ओले असायचे, कधी ऑफिसला उशीर झालेला असायचा, कधी आत्ताच वेणी घातलेली असायची. एकदा तर तिनं डॉक्टरांच्या नावावर खपवलं. ऑपरेशनच्या आधी रुग्णानं हात वर करायचे नसतात म्हणून. आईला उजेडात नुसत्या आकृत्या दिसायच्या. सायली खिडकीसमोरून जाताना पाठ मुद्दाम तिच्याकडं करायची. लांब काळी वेणी हलताना आईला अंधुक दिसायची.

"जपलेस बाई केस," आई म्हणाली. "लई बरं वाटलं."

सायलीला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. प्रणयनं तिच्याकडं बघितलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, असं बजावून घरी पाठवलं. घरी आल्या आल्या आईला सगळंच दिसायला लागलं आणि सगळ्यांची पंचाईत झाली. पंख्यावरची धूळ दिसली. फ्रिजच्या मागचं जाळं दिसलं. "प्रणयराव, तुमी पांढरे झाले की," असंही ती म्हणाली. प्रणयनं कानावरून हात फिरवत "मामी, वय झालं" म्हटलं आणि डोळ्यांत घालायचे थेंब आणायला औषधाच्या दुकानाकडं सटकला. न्हाणीघरातून बाहेर येताना आई दारात थांबली.

"एवढं तेल कशापाय आणलंस गं?"

"तेल नाही. शाम्पू आहेत."

"दुकान काढायचंय का?" म्हणत ती गॅलरीत, अर्धवट सारलेल्या पडद्यातून येणाऱ्या उन्हात जाऊन बसली. पायाशी चटई अंथरली, बटव्यातून लाकडी फणी काढली आणि गुडघ्यावर थोपटलं. "ये."

आता कुठली थाप मारणार? डोळा उघडला की पयल्यांदा तुहे केस बघणार, असं आईनं म्हटलं होतं आणि आई तिच्याकडं बघत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्याकडं. सायली जाऊन चटईवर बसली. दोन्ही बाजूंनी ते ओळखीचे गुडघे आले, आता हाडं लागणारे. आईची बोटं मानेवर आली, वेणीवर गेली, एकदा खाली उतरली, एकदा वर चढली आणि थांबली.

गल्लीतून भाजीवाल्याची हाळी येत होती. सायलीनं डोळे गच्च मिटले, शिकेकाई डोळ्यांत जायच्या आधी मिटायची तसे.

"हे कुणाचं गं?" आई म्हणाली.

"काय?"

"हे. हे तुहं नाय." बोटांनी गाठ शोधली, दोन हिसक्यांत सोडवली आणि आख्खी वेणी सायलीच्या मांडीवर येऊन पडली. "नायलॉन हाय. आन घातलंयस बी उलटं. गंगावन मधल्या पेडात धरावं लागतं, मंग दिसत नाय. केसरबाईनं बघितलं असतं तर तुला हाणली असती."

सायलीला रडू फुटलं. "सगळे गेले गं आई. तुझी एवढी कमाई, मी सगळी घालवली."

आईनं उरलेल्या विरळ केसांतून बोटं फिरवली. मग म्हणाली, "पावसाळ्यात ताप येऊन गेला ना तुला? मोठा?"

"गोकुळनं सांगितलं?"

"त्याला कुठं माहिताय. केसंच सांगतेत की. मोठा ताप आला की मागून केस उतरतेत. तुहे पयले बी उतरलते असेच."

"माझे? कधी?"

"मुदतीचा ताप आलता तुला. तिसरीत व्हतीस."

ताप सायलीला आठवत होता. पेज, कडू औषध, दादांनी खांद्यावर घेऊन कन्नडच्या दवाखान्यात नेलेलं. केसांचं मात्र काहीच आठवेना. आठवत होता एक लाल स्कार्फ, आई तो दिवसभर डोक्यावरून काढू द्यायची नाही, थंडी लागंल म्हणायची.

"थंडी कशाची," आई म्हणाली. "तुला दिसू नये म्हणून बांधायची मी. घरात आरसा तरी कुठं, दादांच्या दाढीचा तेवढा, त्यो बी वर खुटीला. तुला कळूच दिलं नाय. मंग आलं तुमचं ते गॅदरिंग. बाई म्हणाल्या, सायलीला पुढच्या रांगेत घेतलंय, येणी मोठी पायजे. तू घरभर नाचत आलीस. आता काय करावं?"

आई थांबली. सायली वळून बघायला लागली तर टिचकी बसली. "सरळ बस. केसरबाईला म्हटलं, डबा ऱ्हाऊ दे. तेवढ्या गुंतवळाचं मला गंगावन वळून दे."

"पिशवीतल्या?"

"त्या पिशवीत तुहे असे कितीसे असणार? समदे माह्येच व्हते. साठवलते डब्यासाठी. केसरबाईनं धुतले, सारखे केले आन रातभर बसून वळून दिलं. वर काय घेतलं बी नाय तिनं, माय. म्हणाली, पोरीच्या डोक्याला लागतंय, ऱ्हाऊ दे. त्या दिशी तुला पाठमोरी बसवून घातली येणी. गोंडा बांधलाय, हात लावायचा नाय म्हणून सांगितलं. नाच झाल्यावर तू माह्या खांद्यावरच झोपलीस, मंग काढून घेतलं."

डोकं जड झालेलं सायलीला आता आठवलं. गिरकी घेतली की मागून काहीतरी ओढ बसायची. तो गोंडा आहे असंच ती धरून चालली होती. इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या खाल्लेली केसरबाईही आठवली आणि स्वतःची फार लाज वाटली.

"कुठं आहे ते?"

"हाय कुठं. उन्हाळ्यापरेंत तुहे आले परत, मंग त्याचं काय काम? तुह्या आत्याच्या पोरीला लग्नात दिलं, ते माघारी आलंच नाय."

"आणि मग शिकेकाईनं वाढले माझे?"

आई हसली. "शिकेकाईनं कुठं केस येतेत व्हय! यायचे व्हते, आले. न्हाऊन सोच्छ व्हतेत तेवढं."

"मग दर रविवारी तो एवढा कुटाणा कशाला करायचीस?"

फणी भांगातून हळूच खाली उतरली. "हप्ताभर मी रानात. तू शाळंत. त्या निमित्तानं तू बसायचीस ना माह्यापशी." आणि मग तिनं सायलीचं डोकं उन्हाकडं कलवलं. "थांब थांब. हे बघ, भांगापाशी. बारीक बारीक आलेत की! नव्या डोळ्याला दिसाया लागलं. तुला नाय दिसले?"

सायलीला नव्हते दिसले. तिनं बोट लावून बघितलं. कपाळाच्या वर खरंच काहीतरी आखूड, खरबरीत टोचत होतं. कुठल्या बाटलीनं आले म्हणावं? प्रणय लाल कांद्याचं नाव घेईल, घेऊ दे. पण तिला त्या क्षणी केसांचा आनंद झालाच नाही म्हटलं तरी चालेल. डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. ती उठली, आत गेली आणि ड्रेसिंग टेबलावरची चौकट घेऊन आली.

"आई, हा तो फोटो."

"नाचाचा? आण, आण." आईनं दोन्ही हातांनी चौकट धरली. "मला नाच दिसलाच नव्हता बघ. बाया समद्या पुढं उभ्या राह्यल्या. नुस्ती वाजंत्री ऐकली मी."

तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवला. सायली "अगं, डॉक्टरांनी..." म्हणाली तर तिनं हातानंच गप्प केलं. तिनं फोटो जवळ धरला, लांब धरला, पदरानं काच पुसली. गिरकी घेणाऱ्या पोरीच्या तोंडाकडं तिनं एकदा बघितलं आणि मग तिचं बोट खांद्यापासून वेणीवर टेकलं, सावकाश खाली येत राहिलं, कमरेपर्यंत, कमरेच्या खाली.

"एवढे काळे व्हते व्हय गं माह्ये?" ती म्हणाली.

सायलीनं आईचे सगळे फोटो आठवून बघितले. लग्नातला, गोकुळच्या बारशाचा, रेशनकार्डावरचा, दादांच्या शेजारी उभी असलेला. एकूण एक फोटोत कपाळापर्यंत पदर. पदर सरकला तो फार पुढं, तोवर खाली सगळं पांढरं झालेलं होतं. आईचे काळे केस दिसणारा फोटो जगात हा एकच होता, आणि तो आपला समजून सायली तो डॉक्टरीणबाईंना दाखवत फिरली होती.

"तू कधी बघितलेच नव्हतेस?" तिनं विचारलं.

"कवा बघणार? अंधारात इंचरायचे आन पदर घ्यायचा. हाताला लागायचे तेवढं माहीत. गंगावन बी कंदिलाच्या उजेडातच घातलं, काढलं आन गुंडाळून ठेवलं." आईनं चौकट पुन्हा डोळ्यांजवळ नेली. "चांगले व्हते गं. लई चांगले व्हते."

सायली तिच्या पाठीमागं जाऊन बसली. आईच्या डोक्यावरचा पदर तिनं हळूच मागं घेतला, लिंबाएवढा पांढरा अंबाडा सोडला आणि लाकडी फणी उचलली. फणीत अडकलेले केस सायलीनं बोटाभोवती गुंडाळले, त्यांवर हलकं थू केलं आणि मुठीत ठेवून दिले.

"जरा उजेड कर," आई फोटोवरून नजर न काढता म्हणाली. "आजून एकदा बघू दे."

सायलीनं उठून गॅलरीचा पडदा पूर्ण बाजूला सारला.